तीन नंबरचा ठोकळा

ट्रेनी हा प्रकार मला कधीच आवडला नाही. अंबरनाथ एमआयडीसीतल्या दाबके प्रिसिजनच्या इन्स्पेक्शन खोलीत मला एकोणतीस वर्षं झाली, आणि तेवढ्या काळात मी सोळा ट्रेनी पाहिले. पहिल्या आठवड्यात ते हातात मायक्रोमीटर धरून स्वतःचे फोटो काढतात. तिसऱ्या महिन्यात त्यांना पुण्याहून फोन यायला लागतात. आणि कामाचं जरा कुठे कळायला लागलं की एका सकाळी राजीनामा टेबलावर असतो. त्यामुळे सतरावी आली तेव्हा मी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. बूट बाहेर काढ आणि कशाला हात लावू नकोस, एवढंच सांगितलं.

तिचं नाव अस्मिता नरेंद्र पगारे. मेकॅनिकल इंजिनियर, राहणार विठ्ठलवाडी. पत्रावर हुद्दा होता ‘ग्रॅज्युएट ट्रेनी, अवकाश विभाग’. हे वाचून बाहेरच्या माणसाला काय काय वाटेल. प्रत्यक्षात अवकाश विभाग म्हणजे आमच्याच शेडचा मागचा भाग, ज्याला दोन वर्षांपूर्वी पांढरा रंग दिला होता. त्यात दोन मशीन, एक एसी खोली आणि मी. तोवर आम्ही शेजारपाजारच्या केमिकल कंपन्यांच्या पंपांचे सुटे भाग करायचो. आमचे मालक विष्णुपंत दाबके यांनी बहात्तराव्या वर्षी डोक्यात घेतलं की रॉकेटचं काम करायचं. दीड वर्ष खेटे घालून त्यांनी एक ऑर्डर आणलीच. रॉकेटच्या इंधनाच्या व्हॉल्व्हमध्ये बसणाऱ्या टायटॅनियमच्या रिंगा, पहिल्या खेपेला बारा नग.

रिंग जेवणाच्या ताटाएवढी. तिच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागात फरक किती चालतो, तर दहा मायक्रॉन. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसाचा सातवा भाग. त्यापेक्षा जास्त फरक निघाला तर रिंग भंगारात.

मोजायची पद्धत साधी आहे. काळ्या ग्रॅनाइटची एक जाड पाटी, तिच्यावर सारख्या उंचीचे तीन पोलादी ठोकळे, नंबर एक, दोन, तीन. त्यांच्यावर रिंग ठेवायची आणि वरून आठ जागी डायलची सुई टेकवून रीडिंग घ्यायचं. या खोलीत माझे तीन नियम. बूट बाहेर. रिंगेवर कोरलेला नंबर कायम खिडकीकडे, म्हणजे आठ रीडिंगं नेहमी एकाच क्रमाने पडतात. आणि ठोकळ्यांना माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. रोज सकाळी मीच ते पुसणार, मीच तिन्हींवर डायल फिरवून झिरो बघणार, म्हणजे तिन्ही एकाच उंचीवर आहेत ना ते. विष्णुपंतांनीही हे नियम कधी मोडले नाहीत.

पहिल्याच दिवशी मी अस्मिताला पंपाची एक जुनी रिंग मोजायला दिली. तिने तीनदा मोजली आणि कागदावर तीन वेगवेगळे आकडे लिहून माझ्यासमोर ठेवले. मी विचारलं, यातला खरा कुठला?

“अजून कळलं नाही, मॅडम. तिन्ही मीच घेतलेत, म्हणून तिन्ही लिहिले.”

मला राग आला. पण आधीच्या सोळांपैकी प्रत्येकाने त्यातल्या त्यात शोभेल असा एक आकडा लिहून दिला होता, हेही मला आठवलं. कागद फेकला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला.

हळूहळू तिची माहिती कळत गेली. वडील नरेंद्र पगारे विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोत मेकॅनिक, आई भावना अंगणवाडीत. डेपोच्या मागच्या चाळीत दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याच्याखाली तिचं टेबल, आणि त्याच टेबलावर चौघांची जेवणं, कारण धाकटा भाऊही होता. घरातली पहिली इंजिनियर. डिग्रीनंतर आठ महिने नोकरी मिळाली नाही, तेव्हा ती उल्हासनगर कॅम्प तीनला एका सिंधी शेठच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला उभी राहिली होती. शेठशी ती सिंधीत दोन-चार वाक्यं बोलायची, त्यामुळे शेठ तिला सोडायला तयार नव्हता. रॉकेटचं काम मिळालं हे त्याला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही. तो म्हणाला होता की रॉकेट दिवाळीत विकतात, बाकीचं वर्ष काय करशील.

हात मात्र तिचा विलक्षण होता. डायलची सुई किती दाबायची, मायक्रोमीटर कुठे थांबवायचा, हे सांगून येत नाही, बोटांना यावं लागतं. तिने घरी वडिलांची दाढीची पाती मोजली, बसची तिकिटं मोजली, वर्तमानपत्राची पानं मोजली. एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्या डब्यातली पोळी उचलली आणि व्हर्नियर लावला. कडेला दोन मिलीमीटर, मध्ये दीड, असं तिने शांतपणे सांगितलं. मी तिला फाडून खाल्लं. पण दुसऱ्या दिवसापासून बदलापूरच्या माझ्या स्वयंपाकघरात मी कडेकडेने लाटणं जरा दाबून फिरवू लागले, हे कबूल करायला हवं.

ट्रेनीचं वर्ष ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला संपत होतं. कायम करायचं की घरी पाठवायचं हे त्या बारा रिंगांवर ठरणार होतं, कारण त्या तिने पहिल्यांदा एकटीने मोजायच्या होत्या. मोजणीच्या कागदावर तिची सही, त्याच्यावर तपासून माझी. बुधवारी सकाळी तिने कागद आणून दिला. बाराच्या बारा रिंगा दोन ते पाच मायक्रॉनच्या आत. मी म्हटलं, शनिवारी मी सगळ्या परत मोजीन, मग सही.

त्या दिवशी खंडेनवमी होती. यंदा दसरा गुरुवारी, दोन ऑक्टोबरला आला होता, आणि शुक्रवार आमच्या एमआयडीसीचा सुट्टीचाच वार, त्यामुळे सलग दोन दिवस कंपनी बंद. अस्मिता दुपारीच निघाली. दर दसऱ्याला पगारे कुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर जातं. तिच्या आजोबांनी छप्पन साली तिथेच दीक्षा घेतली होती. मी रजा दिली, पण कपाळाला आठी घालूनच.

दुपारी आमची पूजा झाली. मशीनना झेंडूच्या माळा, हत्यारांना हळद-कुंकू, विष्णुपंतांच्या हाताने नारळ. माझ्या खोलीत मी दरवर्षी कुणाला येऊ देत नाही, दाराच्या चौकटीला कुंकू लावते आणि संपवते. यंदा मात्र मला भरून आलं. एकोणतीस वर्षं ज्यांच्यावर पंपाचे भाग ठेवले त्या ठोकळ्यांवर आता रॉकेटच्या रिंगा होत्या. मी वाटीत हळद-कुंकू पाण्याने कालवलं आणि तिन्ही ठोकळ्यांना माझ्या हाताने बोट लावलं. वाटीत उरलेलं तिसऱ्याला जरा जास्तच लागलं. वर एकेक फूल ठेवलं, हात जोडले, खोलीला कुलूप घातलं. पूजेला बसवलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, हे मी माझ्या वडिलांकडून शिकलेय.

शनिवारी सकाळी आठला मी खोली उघडली. फुलं काढली, ठोकळ्यांचे माथे स्पिरिटने लख्ख पुसले. ठोकळे बुधवारी सकाळी झिरो करून ठेवलेले होते आणि पूजेनंतर कुणी हात लावलेला नव्हता. मी पहिली रिंग ठेवली, नंबर खिडकीकडे, आणि डायल फिरवला.

चौदा मायक्रॉन.

मी परत मोजलं. चौदा. दुसरी रिंग पंधरा, तिसरी तेरा. दहा वाजेपर्यंत बाराही मोजून झाल्या आणि एकही दहाच्या आत नव्हती. मग, जसं माझं नेहमी होतं, भीती जिभेवर आली.

आमचे वर्क्स मॅनेजर देवदत्त धावत आले. माणूस चांगला, पण संकट दिसलं की आधी कागद तयार करणारा. सोमवारी सकाळी गिऱ्हाईकाकडून तपासनीस येणार होत्या, थेट दक्षिणेतून, विमानाने. देवदत्तनी ठरवलं की रविवारी ग्राइंडिंगवाल्याला बोलवायचं, रिंगा वरून घासून सरळ करायच्या, आणि मोजणी कुणामुळे चुकली याचं एक पत्र फाइलला लावायचं. पत्र अर्थात ट्रेनीचं. त्यांनी मला विचारलं की पोरीने असं कसं केलं असेल. खोलीच्या दारात तेव्हा तीन-चार कामगार उभे होते, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “नागपूरची गाडी पकडायची घाई होती, दुसरं काय.”

असलं वाक्य माझ्या तोंडून कुठून आलं ते मला ठाऊक आहे, आणि ते लिहिताना आजही मान खाली जाते. सोळांपैकी दोघे गणपतीला गावी जायला आठ-आठ दिवस आधी पळायचे, त्यांच्याबद्दल मी असं कधी चारचौघांत म्हणाले नव्हते.

अस्मिता अकराला आली, नागपूरच्या गाडीतून कल्याणला उतरून थेट, पाठीवर बॅग घेऊन. माझं वाक्य तिला गेटवरच कळलं होतं, वॉचमनने सांगितलं. तिने बूट काढले, हात धुतले आणि टेबलासमोर उभी राहिली. देवदत्तनी टाइप केलेलं पत्र तिच्यापुढे सरकवलं. तिने ते वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं.

“मी चुकीचं मोजलेलं नाही, सर. सही नाही करणार.”

देवदत्त तिला समजावू लागले. टेन्शन घेऊ नकोस, फाइलला एक कागद लागतो, बस. सही केलीस तर मी तुझ्यासाठी साहेबांशी बोलू शकतो, नाही केलीस तर कन्फर्मेशनचं माझ्या हातात काही राहणार नाही.

“कन्फर्मेशन नाही झालं तरी चालेल, सर,” ती म्हणाली. “पण रिंगा घासू नका. त्या चांगल्या आहेत. घासल्या की खरंच वाकड्या होतील.”

देवदत्त वैतागले. संध्याकाळपर्यंत विचार कर, असं सांगून ते ग्राइंडिंगवाल्याला फोन करायला गेले. खोलीत आम्ही दोघी उरलो. ती स्वतःसाठी काही मागत नव्हती, रिंगांसाठी मागत होती, हे माझ्या लक्षात आलं होतं आणि त्याने मला आणखीच राग आला. समोरचा भांडत नसला की रागाला जागा सापडत नाही.

तिने माझा सकाळचा कागद मागितला. तिच्या बुधवारच्या कागदाशेजारी ठेवला आणि बराच वेळ बघत राहिली. मग बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, मी काय बोलते, तुमच्या बाराही रिंगा पाचव्या जागेलाच वर आल्यात. या रिंगा दोन मशीनवर झाल्या, दोन ऑपरेटरनी केल्या, तीन महिने लागले. मग बाराही एकाच बाजूला कशा चढल्या?”

मी तिला एकोणतीस वर्षं ऐकवली. मी या खोलीत आले तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस, हेही ऐकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती वडिलांच्या डेपोबद्दल बोलू लागली. लहानपणी ती त्यांचा डबा द्यायला जायची. एखादी बस चालताना थडथडायला लागली की नरेंद्र पगारे लगेच चाक खोलून बसत नसत. आधी ते चाक काढून दुसऱ्या बाजूला लावत आणि गाडी डेपोत एक चक्कर फिरवून आणत. थडथड चाकाबरोबर गेली तर चाक खराब. जागेवरच राहिली तर चाकाची चूक नाही, ज्याच्यावर ते बसवलंय त्याची आहे.

“नंबर खिडकीकडे ठेवायचा नियम तुमचा आहे,” ती म्हणाली. “एकदा मोडायची परवानगी द्या. एकच रिंग फिरवून मोजू.”

खरं सांगते, एवढी साधी गोष्ट मला सुचायला हवी होती. पुस्तकात आहे ती, कोर्समध्ये आहे, मी स्वतः शिकवलीय. पण माझ्या नियमाने गेल्या एकोणतीस वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता, आणि ज्याने कधी दगा दिला नाही त्याच्याकडे मी बघायचंच बंद केलं होतं.

रिंग मी स्वतः उचलली. नंबर दाराकडे केला, डायल लावला आणि फिरवला. सुई वर चढली. रिंगेची जी बाजू सकाळी वर होती ती आता दुसरीकडे गेली होती आणि तिथे सुई शांत होती. सुई चढली ती त्याच जागी, तीन नंबरच्या ठोकळ्यावर. मी रिंग भिंतीकडे फिरवली. पुन्हा तीन नंबर. कपाटाकडे फिरवली. तीन नंबर. रिंग फिरत होती आणि चूक जागची हलत नव्हती. मी स्टुलावर बसले.

अस्मिताला काय ते कळलं होतं. ठोकळा तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होता, पण तिने हात पुढे केला नाही.

“ठोकळा तुम्हीच उचला, मॅडम.”

मी उचलला. खाली काळ्या दगडावर नखाएवढी एक लालपिवळी कोर वाळून चिकटली होती. बुधवारी तिसऱ्या ठोकळ्याला जास्त लागलेलं कुंकू बाजूने ओघळून खाली शिरलं होतं आणि दोन दिवस बंद खोलीत सुकलं होतं. मी माथे लख्ख पुसले होते, ठोकळे उचलले नव्हते. सकाळचा झिरोही बघितला नव्हता. पूजेनंतर कुणी हात लावला नाही, म्हणजे सगळं जिथल्या तिथे आहे, अशी माझी समजूत.

अस्मिता उठली आणि तिने खोलीचं दार लावून घेतलं. मला वाटलं, आता ही बोलणार. चारचौघांत तिच्या नागपूरवरून मी बोलले होते आणि आता माझ्याच हातचं कुंकू तिच्यासमोर होतं. ती बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण तिने फक्त स्पिरिटची बाटली आणि कापड माझ्यापुढे आणून ठेवलं. ते एकदा फिरवलं असतं तर दगड स्वच्छ झाला असता आणि ठोकळा जरा हलला होता, एवढंच कारण सगळ्यांना कळलं असतं. तो मार्ग तिने माझ्यासाठी उघडा ठेवला होता, आणि दारसुद्धा त्यासाठीच लावलं होतं.

मी विचारलं, “रिपोर्टमध्ये काय लिहायचं?”

“तुम्ही ठरवा, मॅडम. मला विचाराल तर आहे ते. आणि कुंकवावर नका ढकलू. कुंकू दरवर्षी कुठे ना कुठे लागतंच. आपण झिरो बघितला नाही, म्हणून झालं.”

तिने ‘आपण’ म्हटलं. ती तेव्हा नागपूरच्या गाडीत होती.

मी बाटली बाजूला सारली. आधी त्या कोरीचा फोटो घेतला, मग दार उघडलं आणि देवदत्तना हाक मारली. विष्णुपंतांनाही घरून बोलावून घ्यायला सांगितलं. सकाळी दारात जे कामगार उभे होते त्यांना मशीन थांबवून यायला लावलं. सगळे जमल्यावर मी दगडावरची कोर दाखवली आणि म्हणाले, “चूक माझी आहे. पोरीची मोजणी बरोबर होती. आणि सकाळी नागपूरच्या गाडीचं जे बोलले ते मी सगळ्यांसमोर बोलले, म्हणून सगळ्यांसमोर परत घेते.” एकोणतीस वर्षांत मी या कंपनीत कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे लोकांना कुठे बघावं ते कळेना.

विष्णुपंत आले. दारात बूट काढले, मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. त्यांनी ती कोर चष्मा वर करून बघितली. त्यांना राग आला असता तर मी समजू शकले असते. त्यांनी अस्मिताला विचारलं की रिंग किती वेळा फिरवली. चार, ती म्हणाली.

“मग बाराही चार-चार वेळा फिरवा,” विष्णुपंत म्हणाले. “मी बसतो इथे.”

मी दगड पुसला, ठोकळे पुसले, झिरो बघितला. मग डायल मी अस्मिताच्या हातात दिला आणि लिहायला मी बसले. ती आकडा सांगायची, मी टिपून घ्यायची. तीन. चार. दोन. चार. जसजशा रिंगा होत गेल्या तसतशी दारातली गर्दी वाढली. आठव्या रिंगेला देवदत्तनी ग्राइंडिंगवाल्याला फोन करून उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. बारावी झाली तेव्हा साडेपाच वाजले होते. शिफ्ट सुटून अर्धा तास झाला होता, पण रिक्षा पकडायला कुणी गेलं नव्हतं. मी माझा कागद तिच्या बुधवारच्या कागदाशेजारी ठेवला. दोन्ही कागदांच्या आकड्यांत बारापैकी एकाही रिंगेला एक मायक्रॉनपेक्षा जास्त फरक नव्हता. मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि बाहेर टाळ्या सुरू झाल्या. अस्मिताचे हात अजूनही स्थिर होते. डोळे मात्र भरले होते, आणि माझेही.

देवदत्तनी ते टाइप केलेलं पत्र तिच्यासमोरून उचललं, घडी केली आणि खिशात घातलं. म्हणाले, “सॉरी, पगारे.” त्यांच्याकडून हेही पुष्कळ होतं.

रिपोर्ट मी रविवारी लिहिला. ‘कारण’ या रकान्यात माझं नाव घालून लिहिलं की ठोकळा क्रमांक तीनच्या खाली वाळलेलं हळद-कुंकू, लावणारी मालिनी ओगले, मोजण्यापूर्वी झिरो न तपासणारीही तीच. ‘दोष कुणी शोधला’ या रकान्यात अस्मिताचं पूर्ण नाव. सोमवारी आलेल्या तपासनीस बाई अबोल होत्या. त्यांनी ते पान दोनदा वाचलं. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर कुंकू होतं. वाचता वाचता त्यांचं बोट तिकडे गेलं आणि त्या हसल्या. मग त्यांनी तीन रिंगा निवडून चारी बाजूंना फिरवून मोजल्या आणि बाराही पास केल्या. जाताना त्या म्हणाल्या की चूक लपवणारे पुरवठादार त्यांना रोज भेटतात, नावानिशी लिहून देणारे फार थोडे. पुढच्या चाळीस रिंगांची ऑर्डर दिवाळीआधी आली.

खोलीच्या भिंतीवरचा ‘नंबर खिडकीकडे’ हा माझ्या अक्षरातला कागद मी काढून टाकला. आता प्रत्येक रिंग चारी दिशांना फिरते. कामगार त्याला ‘पगारे फेरा’ म्हणतात, आणि नवीन माणूस आला की विचारतात, फेरा झाला का. खंडेनवमीची पूजा बंद करायची का, असं देवदत्तनी विचारलं होतं. अस्मिताच म्हणाली, कशाला, फक्त नंतर झिरो बघायचा.

एकतीसला शुक्रवार, सुट्टीचा वार, म्हणून तिला कायम केल्याचं पत्र तीस तारखेलाच मिळालं. संध्याकाळी गेटवर तिचे वडील आले, डेपोतून थेट, खाकी कपड्यांत, हातात पेढ्यांचा पुडा. बाहेरच्या माणसाला माझ्या खोलीत येता येत नाही. मी त्यांना बूट काढायला लावले आणि आत आणलं. हातमोजे देऊन एक रिंग त्यांच्या हातात ठेवली. नरेंद्र पगारेंनी ती दोन्ही हातांत धरली आणि सवयीने आधी फिरवून बघितली.

“चाकच की हे,” ते म्हणाले. “एवढं सरळ चाक मी कधी हातात धरलं नाही.”

शनिवारी सकाळी आठ वाजता मी खोली उघडली. मे महिन्यात मी निवृत्त होतेय. ठोकळे कुणाच्या हाती द्यायचे याचा मी बरीच वर्षं विचार करत होते, आणि मनातल्या मनात ठरवलं होतं की कुणाच्याच नाही. अस्मिता आली, बूट काढले, आणि रोजच्यासारखी माझ्या मागे, जरा अंतर ठेवून उभी राहिली. मी कापड आणि स्पिरिटची बाटली तिच्या हातात दिली आणि बाजूला झाले.

म्हटलं, “तीन नंबर तू उचल.”

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. मग ती बेसिनकडे गेली, साबणाने हात धुतले, कोरडे केले, आणि परत येऊन दोन बोटांनी ठोकळा उचलला. खालचा दगड स्वच्छ होता. तरी तिने तो पुसला, ठोकळा जागेवर ठेवला आणि झिरो बघितला.